हलाखी म्हणजे किती रुपये?

बारावीच्या मुलांनी शिष्यवृत्तीसाठी लिहिलेलं निवेदन हातात आलं की त्यातलं पहिलं वाक्य मी न वाचता सांगू शकते. "मी एका गरीब कुटुंबातील असून माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे." दुसरं वाक्य आईवडिलांच्या काबाडकष्टांचं. तिसऱ्यात अब्दुल कलाम येतात. चौथ्यात अर्जदार मोठेपणी समाजाचं ऋण फेडणार असतो. खाली 'आपला विश्वासू' आणि सही.

यात खोटं काहीच नसतं, हीच पंचाईत आहे. हलाखी खरी, कष्ट खरे, ऋण फेडायची इच्छासुद्धा त्या वयात अगदी खरी. पण अशी ऐंशी निवेदनं एकाखाली एक ठेवली तर कुठलं कुणाचं हे अर्जदाराच्या आईलाही ओळखता येणार नाही.

मी बँकेत होते, त्यातली बरीच वर्षं कर्जविभागात. पीककर्ज, म्हशी, यंत्रमाग, आणि 'घरदुरुस्ती' असं लिहून मुलीच्या लग्नासाठी मागितलेली कर्जं. निवृत्तीनंतर विट्यातच राहिले. रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत अकरावी-बारावीची मुलं कागदपत्रं घेऊन येतात आणि आम्ही अर्जांवर बसतो. शिवाय एका छोट्या न्यासाच्या निवड समितीवरही मी आहे. नाव सांगत नाही, सांगितलं की फोन सुरू होतात. (माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कुणाचा अर्ज त्या न्यासाकडे आला की त्या दिवशी मी उठून बाहेर बसते, हेही सांगून टाकते. विटा लहान गाव आहे.) पण त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला दिसतात, आणि म्हणून हे लिहायला घेतलं.

बाहेरच्यांसाठी थोडं विट्याबद्दल. सांगली जिल्हा, खानापूर तालुका. टेंभू योजनेचं पाणी आता आलंय, पण त्याआधीच्या पिढ्यांनी दुष्काळच पाहिला. माणसं पोटासाठी बाहेर पडली ती गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी आटवायचं, शुद्ध करून द्यायचं. देशात कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत आमच्याकडचा माणूस भट्टीजवळ सापडेल. गावात राहिले ते मागावर, पोल्ट्रीत किंवा कोरडवाहू शेतीत. माझ्याकडे येणारी मुलं साधारण या घरांतली.

पहिल्या रविवारी मी निवेदन लिहायला देतच नाही. दोनशे पानी वही आणायला सांगते आणि घरचा महिन्याचा हिशेब मांडायला लावते. आलेलं डाव्या पानावर, गेलेलं उजव्या पानावर. मुलं हिरमुसतात. त्यांना वाटतं मॅडम निबंध सांगतील, दोन छान सुविचार देतील. त्याऐवजी मी विचारते, "घरात गॅस सिलिंडर किती दिवस पुरतं?" बहुतेक मुलांना माहीत नसतं. मुलींना असतं.

मागे एक मुलगी आली होती. वडील मागावर रात्रपाळीला, आई कांडी भरायला. तिचं निवेदन अर्थातच हलाखीनं सुरू होत होतं. मी म्हटलं, "हलाखी म्हणजे किती रुपये?" ती गप्प. पुढच्या रविवारी वही घेऊन आली. (हे सगळं तिची परवानगी घेऊन आणि आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहितेय.)

वहीत होतं ते असं. दोघांचे मिळून आठवड्याला साधारण ५,००० रुपये, माग चालू असला तर. बाजार मंद असतो, बीम (मागावरचा सुताचा रूळ) संपलेलं असतं, दिवाळीत कामगार गावी जातात. गेल्या वर्षी असे दहा आठवडे माग बंद होता, हे तिनं आईला विचारून, शेजारच्या काकूंकडून खात्री करून लिहिलेलं. म्हणजे ४२ आठवड्यांचे २,१०,०००. उजव्या पानावर महिन्याचं घरभाडं २,५००, किराणा ६,०००, बचत गटाचा हप्ता २,०००, आजीची औषधं १,२००, वीज आणि गॅस १,५००, भावाची रिक्षा १,०००. महिन्याला १४,२००, वर्षाला १,७०,४००. उरले ३९,६००. त्यातून सणवार, आजारपण, भावकीतली लग्नं असे १५,००० वजा केले. राहिले साधारण २५,०००. हे घर तिच्या शिक्षणाला वर्षाला एवढं देऊ शकतं, याहून जास्त द्यायचं तर कर्ज काढूनच.

मग दुसरं पान. इंजिनिअरिंगला सांगलीत राहायचं तर वसतिगृह २०,०००, मेस दहा महिन्यांचे ३०,०००, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान आणि परीक्षा ८,०००, येणंजाणं ४,०००. एकूण ६२,०००. लॅपटॉप तिनं ४०,००० चा लिहिला होता. मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी तिनंच फोन करून सांगितलं की सांगलीत वापरलेला १८,००० ला मिळतो. झाली मागणी तयार: ६२,००० मधून २५,००० वजा, अधिक १८,०००. पंचावन्न हजार.

तिचं शेवटचं निवेदन एका पानाचं होतं आणि त्यात 'गरीब' हा शब्द कुठेच आला नव्हता. मुलाखतीत (मी बाहेर बसले होते, हे मागाहून कळलं) तिला तीन प्रश्न विचारले, तिन्ही हिशेबावरचे. बचत गटाचं कर्ज कशासाठी काढलं होतं, माग बंद असताना किराणा कसा चालतो, ५५,००० पैकी आम्ही ३०,००० च दिले तर काय करशील. तिसऱ्यावर ती म्हणाली की लॅपटॉप दुसऱ्या वर्षावर ढकलेन, पहिल्या वर्षी कॉलेजच्या लॅबवर भागवेन, तरी सात हजार कमी पडतील, ते मामाकडे मागेन. समितीतले एक गृहस्थ, जे सहसा कुणावर खूश होत नाहीत, त्यांनी चष्मा काढून ठेवला.

तिच्या पानात कॉलेजच्या फीचा आकडा नाही, हे ध्यानात आलं असेल. ते मुद्दाम. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून) प्रवेश घेणाऱ्या इमाव (इतर मागासवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. त्याआधी ही सवलत निम्मी होती. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं तर लागू नाही. आता गंमत बघा, अजूनही या मुलींचे अर्ज येतात, 'फी भरण्यास पैसे नसल्याने'. समितीला फी माफ आहे हे माहीत असतं. मग एक तर मुलीला स्वतःच्या प्रवेशाची माहिती नाही किंवा ती लपवतेय, असा अर्थ निघतो. खरी अडचण मेस, खोली, एसटी आणि लॅपटॉपची असते, आणि नेमकं तेच लिहायला पोरींना लाज वाटते. फी मागणं प्रतिष्ठेचं, जेवणाचे पैसे मागणं कमीपणाचं! त्यांना मी सांगते, मेसचं बिल निलाजरेपणानं लिहा, महिन्यासकट.

उत्पन्नाच्या दाखल्याचं मात्र वेगळं दुखणं आहे. त्याच मुलीच्या दाखल्यावर वर्षाचं उत्पन्न होतं ४८,००० रुपये, आणि वहीत २,१०,०००. वडील म्हणाले, "मॅडम, कमी दाखवलं की बरं असतंय ओ." सेतूबाहेर फॉर्म भरून देणाऱ्यांनीच तसं सांगितलेलं असतं. पण हिशेब करा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. केंद्र सरकारच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीची साडेचार लाख. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेची आठ लाख. मुलींसाठीच्या एआयसीटीईच्या (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) प्रगती शिष्यवृत्तीची आठ लाख, आणि ती वर्षाला ५०,००० देते. २,१०,००० हा खरा आकडा या सगळ्यांत बसतो. मग ४८,००० लिहून मिळवलं काय? महिन्याला चार हजारांत पाच माणसं जेवतात आणि वर घरभाडं भरतात, हे कुठलीही शहाणी समिती मान्य करत नाही. शंका आली की ती दाखल्यापुरती राहत नाही, मार्कशीटकडेही संशयानं बघितलं जातं. मी वडिलांना तलाठ्याकडून खऱ्या आकड्याचा अहवाल घेऊन तहसीलदारांचा नवा दाखला काढायला लावला. ते कुरकुरले, पण गेले. दाखल्यावर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, तेही बघून घ्या. बरीच मुलं गेल्या वर्षीचाच दाखला जोडतात.

आता गलाईवाल्याच्या मुलाची गोष्ट, जी मला सगळ्यांत आवडते.

वडील कोइमतूरला. मुलाचा जन्म तिकडचा, शाळाही सातवीपर्यंत तिकडेच, मग आजीकडे विट्याला. त्याच्या निवेदनात छंद लिहिले होते: वाचन, क्रिकेट. स्वप्न: देशसेवा. बी.एस्सी. करायचं म्हणत होता, आणि घरचे, क्लासवाले, शेजारपाजारचे सगळे मिळून त्याला फार्मसीकडे ढकलत होते. मी विचारलं, केमिस्ट्रीच का? "आवडते." का आवडते? "मार्क पडतात." मग सुट्टीत काय करतोस? म्हणाला, वडिलांच्या दुकानात बसतो. तिथं काय करतोस?

आणि मग जे सुरू झालं ते अर्धा तास. अशुद्ध सोन्यात आधी मुद्दाम चांदी मिसळून एकत्र आटवतात. मग ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी विरघळते, सोनं तळाशी तपकिरी भुकटीसारखं राहतं. ते धुऊन पुन्हा आटवलं की पिवळं होतं. विरघळलेली चांदी वाया घालवत नाहीत, त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात, पाणी हळूहळू निळं होतं आणि चांदी खाली बसते. हे तो दहा वर्षांचा असल्यापासून बघत होता. बारावीच्या पुस्तकात धातूंच्या विभवाचा तक्ता आला (कुठला धातू कुठल्या धातूला द्रावणातून बाहेर काढतो, ते त्यावरून कळतं) तेव्हा वर्गात सगळे पाठ करत बसले आणि याला एकदम लख्ख कळलं की बाबांची तांब्याची पट्टी काय करत होती. "ते मी सरांना सांगणार होतो," म्हणाला, "पण म्हटलं हसतील."

आणखी एक गोष्ट त्यानं जाता जाता सांगितली. तेजाबातून तांबूस धूर येतो. वडिलांचा खोकला पाच-सहा वर्षांचा आहे. दुकानात एक पंखा आहे, तो धूर गल्लीत ढकलतो. तो धूर पाण्यात किंवा आणखी कशात अडवता येईल का, हे त्याला बघायचं होतं.

मी म्हटलं, लेका, हे सोडून तू देशसेवा कशाला लिहिलीस?

त्याचं निवेदन आम्ही चार रविवार घासलं. मी एकही वाक्य लिहून दिलं नाही, हे ठासून सांगते, कारण हल्ली मोबाइलवर यंत्राकडून निवेदन लिहून घेऊन येणारी मुलं आहेत आणि ते पहिल्या परिच्छेदातच कळतं. सतरा वर्षांचं पोर 'सर्वांगीण विकासाच्या दृष्टिकोनातून' असं बोलत नाही. मी फक्त प्रश्न विचारत गेले. पट्टी केवढी असते? चांदी बसायला किती वेळ लागतो? तेजाब कोण ओततं? त्यानं वडिलांना फोन करून करून विचारलं. गंमत म्हणजे वडिलांना त्यानं पहिल्यांदाच त्यांच्या कामाबद्दल इतके प्रश्न विचारले होते आणि ते दर वेळी फोनवर खूश असायचे.

त्याला सगळं मिळालं असं नाही. मूलभूत विज्ञानाच्या पदवीसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,०००, त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पाचे. पण बारावीच्या गुणांवर तिथे जायचं तर बोर्डातल्या पहिल्या एक टक्क्यात यावं लागतं. तो आला नाही. पहिल्या वीस टक्क्यांत आला, म्हणून केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीला बसला: पदवीला वर्षाला १२,०००. एका खासगी न्यासानं मात्र तांब्याच्या पट्टीवर त्याला घेतलं. आता सांगलीत बी.एस्सी. करतोय.

अटी वाचणं हा भाग मुलं पूर्णपणे गाळतात. केंद्राची ती १२,००० वाली घेतली तर दुसरी सरकारी शिष्यवृत्ती त्याच वेळी घेता येत नाही. मग कुठली घ्यायची याचा विचार अर्ज भरण्याआधी करायचा असतो. आमच्याकडे निवेदनात बाबासाहेबांचं नाव नसलेलं पान सापडत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मी मुलांना विचारते, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले ते कोणत्या साली, किती पैशांवर? १९१३ साली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि शिक्षण झाल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. रक्कम, मुदत, अट. त्यांच्या शिष्यवृत्तीलाही या तिन्ही गोष्टी होत्या आणि तुमच्याही शिष्यवृत्तीला आहेत, तेव्हा माहितीपत्रकाचं तिसरं पान उघडा.

योजनांची पूर्ण यादी मी इथे देणार नाही, ती दर वर्षी हलते. दोनच सांगते, कारण आमच्या भागात त्या हमखास राहून जातात. वडील किंवा आई बांधकाम कामगार म्हणून राज्याच्या कामगार कल्याण मंडळाकडे नोंदलेले असतील तर पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी मदत आहे: पदवीला वर्षाला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,०००, वैद्यकीयला १,००,०००. नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि नोंदणी चालू ठेवावी लागते. गवंड्याच्या हाताखाली आयुष्य गेलं आणि नोंदणीच नाही, अशी घरं मी खूप पाहिली. दुसरी, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. फीची योजना भरली की मुलं महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, बंद करतात, खाली ही दुसरी दिसतेय तिकडे बघतच नाहीत.

खासगीतल्या मोठ्या शिष्यवृत्त्यांत रिलायन्स फाउंडेशनची मी सगळ्यांना भरायला लावते. पदवीच्या पूर्ण काळात मिळून दोन लाखांपर्यंत मिळतात, शाखा कुठलीही चालते, पण ऑनलाइन कल चाचणी द्यावीच लागते. अर्ज भरून चाचणी न देणारे महाभाग दर वर्षी असतात. पुण्याला जाणाऱ्यांना विद्यार्थी सहाय्यक समिती सांगते. १९५५ पासून खेड्यातल्या मुलांची राहण्याजेवणाची सोय करणारी संस्था आहे, आणि खोली आणि जेवण सुटलं की अर्धी लढाई तिथंच संपते. पुण्यातल्या मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन.

आता कागद. बँकवालीनं कागदांवर बोलू नये तर कुणी बोलावं?

आमच्या सांगली-सातारा पट्ट्यात 'बाळासाहेब' हे नाव कमीत कमी तीन प्रकारे लिहिलं जातं. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब', सातबाऱ्यावर 'बाळू'. माणूस एकच, तो गावात सगळ्यांना माहीत आहे. संगणकाला माहीत नाही. म्हणून अकरावीच्या पहिल्या सत्रातच मुलाचं, आईचं आणि वडिलांचं नाव सगळ्या कागदांवर शेजारी शेजारी ठेवून बघायचं. फरक छोटा असेल तर आधार दुरुस्त करून घ्यायचा, मोठा असेल तर राजपत्रात नाव छापून घ्यायचं. बारावीच्या निकालानंतर हे करायला गेलात तर प्रवेशाच्या फेऱ्या, दाखले आणि हे, सगळं एकाच महिन्यात येतं आणि बापाचे कामाचे खाडे पडतात ते वेगळेच.

जातपडताळणीही अकरावीतच टाका. इमाव असाल तर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटके असाल तर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कचेरीतला गाव नमुना १४, जन्ममृत्यूची जुनी नोंद. काही मुलांना या शोधात पणजोबांचं नाव पहिल्यांदा कळतं. दिवाळीच्या सुट्टीत सगळे गावी आलेले असतात, चुलते-आत्या भेटतात, तेव्हाच हे काम होतं.

आणि खातं. सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे आधारवरून येतात. ते तुम्ही फॉर्ममध्ये कुठलं खातं लिहिलंय तिकडे जात नाहीत, तुमचा आधार त्या घडीला एनपीसीआयकडे (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेकडे) ज्या बँकेशी जोडलेला आहे तिकडे जातात. आणि जोडणी शेवटी जिथं झाली तीच चालते. मग काय होतं? मुलगा सिमकार्ड घ्यायला जातो, दुकानदार अंगठा घेतो, सोबत एक पेमेंट बँकेचं खातं उघडून देतो, आणि आधार तिकडे वळतो. शिष्यवृत्ती जमा झाल्याचं पोर्टल दाखवतं, पासबुकात काही नाही, मुलगा कॉलेजच्या क्लार्कशी भांडतोय, आणि पैसे त्या विसरलेल्या खात्यात आरामात पडलेले. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' तपासता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. तसंच शाळेत असताना कमी कागदपत्रांवर उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर त्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही. अठरा पूर्ण झाली की शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या. तिथं कुणी वैतागलं तरी हसून उभं राहा. मीही तिकडच्या खुर्चीवर वैतागायची.

शिफारसपत्राबद्दल थोडंच. सरांना आदल्या दिवशी मागितलं की ते 'कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू' एवढं लिहून देतात, त्यांचा दोष नाही, वर्गात ऐंशी मुलं असतात. तीन आठवडे आधी जा, आणि एका कागदावर स्वतःबद्दलच्या चार खऱ्या गोष्टी लिहून न्या: प्रयोगशाळेत काय केलंत, कुठल्या विषयात आधी नापास झाला होतात आणि मग किती पडले, घरचं काय काम करता. गलाईवाल्या मुलाच्या सरांनी तांब्याच्या पट्टीचं ऐकून त्याला वर्गात ते सगळ्यांना समजावून सांगायला लावलं आणि पत्रात तेच लिहिलं. हसलं कुणी नाही.

काही न्यास घर बघायला येतात. त्या दिवशी घराघरांत जे नाट्य होतं त्यावर मी वेगळं लिहीन कधीतरी. मोटरसायकल शेजाऱ्याच्या अंगणात जाते. फ्रिजवर चादर येते. एका घरी टीव्ही काढून ठेवला होता पण भिंतीवर त्याचा चौकोन स्वच्छ उरला होता, बाकी भिंत धुरकट. मला हसू आवरेना, कारण म्हशीच्या कर्जाच्या पाहणीला मी तुटक्या शिंगाची एकच म्हैस दोन वेगवेगळ्या गोठ्यांत पाहिलेली आहे. अहो, टीव्ही आहे म्हणून कुणी शिष्यवृत्ती नाकारत नाही. हप्त्यावर घेतलेल्या मोटरसायकलवर बाप रात्रपाळीला जातो, ती हिशेबात लिहा, हप्त्यासकट. लपवलेली वस्तू सापडली की मात्र पुढचं सगळं बोलणं वाया जातं. आणि चहा-पोह्यांचा घाट घालू नका, पाणी पुरतं.

सगळ्यात जास्त मुलं गळतात ती मात्र दुसऱ्या वर्षी, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. शिष्यवृत्ती एकदा मिळाली की ती आपोआप चालू राहते असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. महाडीबीटीवर दर वर्षी नूतनीकरण भरावं लागतं, कॉलेजनं ते पुढे पाठवावं लागतं, आणि त्रुटी काढून परत आलं तर मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवावं लागतं. केंद्राच्या त्या १२,००० वाल्या शिष्यवृत्तीला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षी घरापासून लांब आलेलं मूल, नवीन शहर, इंग्रजीतून शिकवणं, एखाद-दोन विषय राहिलेले. अशा वेळी पोर्टल उघडायची हिंमत होत नाही, आणि परत आलेला अर्ज तसाच पडून राहतो. खासगी न्यासांना तर वर्षाअखेर पत्र हवं असतं, निकालासकट. विषय राहिला असेल तर तसं लिहा, का राहिला ते लिहा, पुन्हा कधी परीक्षा आहे ते लिहा. आमच्या समितीनं नापास झालेल्यांची मदत चालू ठेवली आहे. काहीच न कळवणाऱ्यांची थांबवली आहे.

म्हणून नूतनीकरणाच्या तारखा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मुलांच्या नावांसकट लिहून ठेवते आणि आठवडाभर आधी फोन लावते. निम्मी पोरं उचलत नाहीत. मग आईला लावते. आया उचलतात, आणि त्यांना तारीख माझ्याआधी माहीत असते.